सव्वीस हुकांचं स्वगत

टाचणीमावशी सिनेमागृहात पहिल्यांदा हसली ती सिनेमा सुरू होऊन सात मिनिटं झाल्यावर. दुसऱ्यांदा हसली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान वळवून पाहिलं. तिसऱ्यांदा मात्र ती हसली नाही, ओरडलीच. "चेन! अहो, तिच्या पाठीला चेन आहे!"

पडद्यावरची राणी तीनशे वर्षांपूर्वीच्या दुःखात बुडालेली होती. तिच्या अश्रूंकडे बघायचं सोडून अख्खं सिनेमागृह तिच्या पाठीकडे बघायला लागलं. आणि होती की हो चेन! मानेपासून कमरेपर्यंत, चांगली चकचकीत.

"हळू बोल गं," शेजारी बसलेले तिचे यजमान म्हणाले. "लोक बघताहेत."

"बघू देत. बघावं म्हणूनच बोलले."

सिनेमाचं नाव 'सरदाराची लेखणी'. मावशीच्या नाटक कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता आणि दिग्दर्शकानं सगळ्यांना धरून हा सिनेमा दाखवायला आणलं होतं. त्यानं स्वतः तो तीनदा पाहिला होता. ही कंपनी ज्याची नाटकं पिढ्यान्‌पिढ्या करत आली, त्या जुन्या नाटककाराबद्दलचा तो सिनेमा होता. नाटककाराचा बाप कंदील दुरुस्त करायचा, म्हणून कंपनीत त्याला सगळे कंदीलवालाच म्हणतात. पोरगा नट व्हायला आला, हळूहळू कंपनीसाठी लिहायला लागला आणि अठरा नाटकं लिहून मेला. एवढीच त्याची गोष्ट.

सिनेमा म्हणत होता, हे सगळं झूठ. कंदीलवाल्याच्या पोरानं राजाचं जेवण कधी पाहिलं, राणीचं रडणं कधी ऐकलं? त्याला राजवाड्यातलं काय कळणार? ही नाटकं लिहिली एका सरदारानं. सरदारानं नाटकं लिहिणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली, म्हणून त्यानं एका दारुड्या नटाला पैसे चारून त्याचं नाव लावलं. सिनेमातला कंदीलवाला कागद उलटा धरायचा. सरदार मात्र उंच मनोऱ्यात बसून पिसाच्या लेखणीनं एका दमात अख्खा अंक लिहायचा. खाडाखोड म्हणून नाही. प्रत्येक ओळीला बाहेर वीज चमकायची. आणि शेवटी एका पंडितानं शोध लावला की चौथ्या अंकातल्या ओळींची पहिली अक्षरं मागून पुढे वाचली तर सरदाराच्या कुत्र्याचं नाव निघतं. म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठायचा, तोसुद्धा कुत्र्याला बरोबर घेऊन.

बाहेर पडल्यावर पायरीवरच मावशीनं तोंड सोडलं. "त्या सरदाराच्या बाह्या बघितल्यात? बोटांपर्यंत पांढऱ्याशुभ्र झालरी. अठरा नाटकं लिहिली, शाईचा एक डाग नाही! ती धोबीण दाखवा मला कुणी. उद्यापासून आपल्या कंपनीत ठेवून घेते."

सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही. "मावशी, मुद्दा बाह्यांचा नाही. मुद्दा असा आहे की राजवाडा न बघितलेला माणूस राजवाडा कसा लिहील?"

"मी कधी राणी होते का? एकोणतीस वर्षं राण्यांना कपडे घालतेय. कुठल्या राणीला कुठं टोचतं ते मला विचार."

त्यावर तो नुसता चष्मा पुसत राहिला. तो चष्मा पुसायला लागला की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं.

आता ह्या मावशीबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, तेवढंच. कंपनीच्या कपडेपटाची ती मालकीण. बोलताना ओठांत तीन-चार टाचण्या धरलेल्या असायच्याच, म्हणून हे नाव पडलं. टाचण्यांमधून ती शिव्या द्यायची, हाका मारायची, गाणंही म्हणायची, आणि कंपनीतल्या लोकांना ते सगळं कळायचं. नवख्यांना कळायचं नाही. त्यांना ती महिनाभर मुकी वाटायची, आणि मग ते त्या महिन्याची आठवण काढून उसासे टाकायचे. लहानपणी आईबरोबर शाळेच्या गणवेशांना काजं करायची. दिवसाला साठ काजं झाल्याशिवाय आई खेळायला सोडायची नाही. सत्ताविसाव्या वर्षी ती ह्या नाटकगृहाच्या मागच्या दारानं आत आली, आणि तिथल्याच एका नटाशी वर्षभरात लग्न करून बसली.

हा नट म्हणजे काका. सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणते. उंच, जरा वाकलेले, आवाज खणखणीत आणि नशीब बेताचं. एकतीस वर्षांत त्यांनी दूत केला, दुसरा सैनिक केला, तिसरा सैनिक केला, दोन नाटकांत प्रेत केलं. नायक कधी मिळाला नाही. पण राजवाड्याच्या मोठ्या नाटकात त्यांचा द्वारपाल होता. तिसऱ्या अंकात राजा मरून पडतो, राणी आत जाते, रंगमंचावर राजाचं प्रेत आणि द्वारपाल एवढेच उरतात, आणि मग द्वारपालाचं बावीस ओळींचं स्वगत. लोक त्याला हमखास टाळी द्यायचे. काका रोज सकाळी दाढी करताना ते म्हणायचे. जगात आपलं असं जे काही असतं, ते काकांचं एवढंच होतं.

आणि त्या बावीस ओळींवर मावशीचाही हक्क होता. कारण त्या वेळात आत विंगेच्या अंधारात ती राणीचे कपडे बदलायची. राणीचा भरजरी झगा, त्याला पाठीवर सव्वीस हूक. ते सोडायचे, झगा उतरवायचा, दागिने काढायचे, शोकाचा राखाडी झगा चढवायचा, केस मोकळे करायचे, पायातले जोडे बदलायचे. बाहेर द्वारपालानं 'खडा' म्हटलं की गळ्यापाशी पोचायचं, 'घाई' आली की कंबर गाठायची, 'बाजार' ऐकलं की नवा झगा डोक्यावरून खाली यायला हवा, आणि 'सावकाश' म्हणेपर्यंत राणी पुन्हा दाराशी. पूर्ण स्वगत म्हणून दाखव म्हटलं असतं तर तिला आलं नसतं. एकोणतीस वर्षं तिनं ते ऐकलं होतं ते घड्याळ ऐकावं तसं.

ह्याच्यावरून तिनं स्वतःचा सिद्धांत बांधला होता आणि तो ती घरी-दारी सगळ्यांना ऐकवायची. "हे लिहिणारा माणूस विंगेत उभा राहिलेला आहे. त्याला हूक माहीत होते! सरदारानं लिहिलं असतं तर राणी आत गेली आणि लगेच बाहेर आली, असं लिहून मोकळा झाला असता. त्याचे कपडे दुसराच कुणी उतरवत असणार, त्याला काय कळतंय?"

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथं संध्याकाळी चहा पिताना तिचं कौतुक आणखी रंगायचं. "काय माणूस असेल बाई तो कंदीलवाला! बाईच्या हाताला वेळ लागतो, हे तीनशे वर्षांपूर्वी त्याला कळलं होतं. आणि तुम्ही! माझ्या चहात साखर किती ते तुम्हाला अजून कळत नाही."

काका म्हणायचे, "दीड चमचा."

"एक!"

काका कप तोंडाला लावायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

तर सिनेमा बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक तालमीला तीन पेन्सिली घेऊन आला. पोरगा वाईट नव्हता. तेहतीस वर्षांचा, काळजी करून करून अर्धं टक्कल पडलेला, कंपनी नीट चालावी म्हणून जीव टाकणारा. पण नवीन काही वाचलं-पाहिलं की त्याच्या अंगात यायचं. त्यानं जाहीर केलं की या खेपेला राजवाड्याचं नाटक 'शुद्ध संहिते'नुसार होणार. सरदाराच्या हातचं तेवढं ठेवायचं. नटांनी मध्ये मध्ये जे हलकंसलकं घुसडलं असेल ते काढून टाकायचं.

"हलकंसलकं म्हणजे काय काय?" राणीचं काम करणाऱ्या बाईनं विचारलं.

दिग्दर्शकानं वही उघडली. "पहिलं म्हणजे द्वारपालाचं स्वगत. राजा मेलाय, आणि हा माणूस बुटातल्या खड्याबद्दल बोलतो. सरदार असं लिहिणार नाही. काका, तुम्ही नुसते भाला घेऊन उभे राहा. उपस्थिती महत्त्वाची."

काका म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. पण मावशीनं विंगेतून बघितलं, त्यांनी भाला दुसऱ्या हातात घेतला आणि मग पुन्हा पहिल्या हातात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मोरीतून नुसता पाण्याचा आवाज. मावशी दाराशी जाऊन उभी राहिली. ह्या माणसाला भाला धरून नुसता उभा केला तर महिन्याभरात तो सुट्टीचा अर्ज देईल, सहा महिन्यांत खिडकीशी बसून खालची घड्याळं मोजत राहील, आणि मग कसला द्वारपाल अन्‌ कसलं काय! तिला हे डोळ्यांसमोर दिसलं आणि ती चिडली. रडू आलं की तिला राग यायचा, ही तिची जुनी खोड.

त्या दिवशी तालमीच्या आधी ती दिग्दर्शकासमोर उभी राहिली आणि तिनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. टाचण्या काढून बोलायला लागली की मामला गंभीर, हे सगळ्यांना माहीत. सुतारसुद्धा हातोडी ठेवून ऐकायला लागला.

"तुझ्या सरदाराच्या संहितेनं एकदा तिसरा अंक करून बघू या," ती म्हणाली. "पूर्ण पोशाखात. माझं काही म्हणणं नाही, नुसतं करून बघू."

केलं. राजा मेला. राणी आत धावली. मावशीच्या मनात एक क्षण आलं, हात जरा सैल सोडावा, दोन-चार हूक अडकवून ठेवावेत, कुणाला कळणार आहे? पण कामात खोट करणं तिच्या रक्तात नव्हतं. उलट ती अशी भिडली की तिनं आयुष्यात कधी सव्वीस हूक इतक्या वेगानं सोडले नसतील. तरीपण हूक ते हूकच. बाहेर रंगमंचावर चिडीचूप. काका भाला धरून उभे. राजाचं प्रेत पडलेलं. दिग्दर्शक हातातल्या घड्याळात बघतोय. वीस सेकंद. चाळीस. साठाव्या सेकंदाला मेलेला राजा शिंकला. तरी राणीचा पत्ता नाही. शेवटी ती आली तेव्हा एका पायात जोडा होता, एक पाय मोकळा होता, आणि शोकाचा झगा मागून उघडा असल्यामुळे ती प्रेक्षकांकडे तोंड करून खेकड्यासारखी आडवी चालत होती.

सुतार इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

दिग्दर्शक लाल झाला. "ह्यात काय एवढं? झग्याला चेन लावा ना, मावशी."

तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. सगळं नाटकगृह त्याच्याकडे बघत होतं. मावशीनं हात जोडले फक्त, आणि तेवढ्यानं हशाची दुसरी लाट आली.

पण पोरगा हट्टी. चष्मा पुसत म्हणाला, "ठीक आहे. अंदाजानं बोलायला नको. मोठ्या ग्रंथालयात ह्या नाटकाची सगळ्यात जुनी छापील प्रत आहे. मी जाऊन बघतो. हे स्वगत त्यात असलं तर राहील. सगळ्यांसमोर शब्द देतो."

"आणि नसलं तर?"

"तर गेलं. मग तुम्ही भांडायचं नाही."

"दिला शब्द!" मावशी म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? जा, बघून ये!"

मागून काका पुढं आले. "अगं, कशाला उगीच..."

"तुम्ही गप्प बसा हो. तुमच्यासाठीच चाललंय."

त्या दिवशी संध्याकाळी काकांनी दोनदा "अगं, ऐक ना" म्हटलं. पहिल्यांदा ती झग्याला काज करत होती. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "घाबरू नका. कंदीलवाला आपल्याला तोंडघशी पाडायचा नाही. माझा त्याच्यावर तुमच्यापेक्षा जास्त भरवसा आहे." काका दिवा लावायला उठले आणि लावलेलाच दिवा पुन्हा विझवून लावला.

दोन दिवसांनी दिग्दर्शक हातात झेरॉक्सचे कागद घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, हे मावशीनं आधी पाहिलं आणि मनातल्या मनात टाळी दिली. पण त्यानं वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या ओळीला थांबला.

"पुढं वाच की," मावशी म्हणाली.

"पुढं नाही. चारच ओळी आहेत, मावशी. बुटातल्या खड्यापर्यंत. लगेच राणी येते."

"पान फाटलं असेल."

"मी तीन वेगवेगळ्या प्रती बघितल्या. सगळ्यांत चारच. आपल्या वहीतल्या बाकीच्या अठरा ओळी कुठंच नाहीत. म्हणजे त्या सरदाराच्या नाहीत, आणि..." तो जरा अडखळला. "आणि तुमच्या कंदीलवाल्याच्याही नाहीत. कुणीतरी नंतर घुसडल्यात."

मावशी मटकन खुर्चीवर बसली. एकोणतीस वर्षांचा सिद्धांत चार ओळींत कोसळला होता. त्याचं एक वेळ चाललं असतं. पण तिनं स्वतःच्या तोंडानं शब्द देऊन नवऱ्याचं स्वगत घालवलं होतं. तिला काकांकडे बघवेना. "कुणी घुसडल्या?" ती कशीबशी म्हणाली. "असं कोण मेलं घुसडणारं आलंय?"

काकांनी भाला भिंतीला टेकवून ठेवला. शाळेत गृहपाठ न केलेला मुलगा करतो तसा हात वर केला.

"मी," ते म्हणाले.



"हिचा पहिला प्रयोग होता," काका दिग्दर्शकाला सांगत होते, पण बघत होते स्वतःच्या जोड्यांकडे. "तेव्हाच्या मॅनेजरनं हिला बजावलं होतं, राणीला एक क्षण उशीर झाला तर उद्यापासून येऊ नकोस. माझ्या चार ओळी संपल्या. मी आत बघितलं. ही पोरगी तोंडात टाचण्या धरून रडत होती आणि हिचे हात असे लटलट कापत होते. हूक काही निघेना. राणी आतून शिव्या देत होती. मग मी काय करणार? तोंडात येईल ते बोलत सुटलो. लोकांनी टाळी दिली. दुसऱ्या दिवशी नीट बसवून लिहिलं, प्रॉम्प्टरनं वहीत चढवलं. तो गेला, मॅनेजर गेला, राणीही केव्हाच सोडून गेली. राहून गेल्या त्या ओळी."

"पण काका, एकोणतीस वर्षं तुम्ही सांगितलं नाहीत?"

"ही त्या कंदीलवाल्याचं कौतुक करायची रोज." काका जरा लाजले. "मला ऐकायला बरं वाटायचं."

आताच्या राणीनं कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन-तीनदा सिनेमे बघता, मनोरे धुंडाळता, अन्‌ लपलेला लेखक इथं भाला धरून उभा!"

मावशी उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही रडणार. ती कसली रडतेय! "खोटारडे कुठले!" तिनं काकांना दंडाला धरून हलवलं. "एकोणतीस वर्षं मी त्या मेलेल्या माणसाला आरत्या ओवाळत बसले, आणि तुम्ही समोर बसून ढिम्म चहा पीत होता? दीड चमचा म्हणे! एकदा तरी बोलायचं होतंत की हो!" आणि ती कपडेपटाच्या खोलीत निघून गेली. जाताना तिनं दार आपटलं, पण फार जोरात नाही.

दिग्दर्शक वही मांडीवर घेऊन बसला. शब्द दिलेला होता. प्रतीत ओळी नव्हत्या. सुतार, राणी, मेलेला राजा, सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्यानं खिशातून रबर काढलं आणि स्वगतावर स्वतः मारलेली पेन्सिलीची काट खसाखसा पुसून टाकली.

"राणीला कपडे बदलायला वेळ लागतो," तो पुटपुटला. "शुद्ध संहिता पुन्हा कधीतरी बघू. काका, कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव लेखक म्हणून छापायचं का? अठरा ओळींपुरतं?"

"नको रे बाबा," काका घाईनं म्हणाले. "उद्या कुणीतरी सिनेमा काढेल, की भाल्यावाल्याला हे कसं जमेल, कुठल्यातरी सरदारानं लिहून दिलं असणार."

त्या दिवशी घरी मावशी त्यांच्याशी बोलली नाही. चहा मात्र तिनं दोनदा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून दाढीच्या वेळी पुन्हा स्वगत ऐकू आलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम आपटत होती, म्हणजे आपण ऐकत नाही असं त्यांना वाटावं. खरं तर तिला ऐकायची भीती वाटत होती. इतक्या वर्षांचं घड्याळ एकदम बोलायला लागलं तर माणसानं काय करायचं?

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. नाटकगृह भरलेलं. सिनेमा बघून आलेले लोक पुष्कळ होते आणि मध्यंतरात सरदारावर वाद घालत होते. तिसरा अंक आला. राजा मेला, या खेपेला न शिंकता. राणी आत आली, पाठ करून उभी राहिली. मावशीनं टाचण्या ओठांत धरल्या आणि पहिल्या हुकाला हात घातला. बाहेर काकांचा आवाज लागला.

"राजा गेला. दाराला काही कळलं नाही. उघडायचं तसं उघडलं, मिटायचं तसं मिटलं. माझ्या बुटात मात्र खडा आहे."

खडा. मावशीचे हात गळ्यापाशी पोचलेले होते. इथवर तो कंदीलवाला. आता पुढं.

"थांबा मंडळी, घाई कसली? आत एक बाई आहे. तिचे हात थरथरताहेत."

मावशीचे हात थांबले.

"ज्याचे हात थरथरतात त्याला काय द्यावं? धन द्यावं? त्यानं थरथर थांबत नाही. सल्ला द्यावा? त्याचा तर बाजार भरलाय. मी साधा दारावरचा माणूस. माझ्याजवळ ना राज्य, ना तलवार. उभं राहायचं माझं काम, म्हणून वेळ तेवढा खूप. तो घ्या, बाई. सगळा घ्या. माझं काही अडलेलं नाही. तुम्ही दाराशी याल तोवर मी इथंच आहे, सावकाश या."

लोक डोळे पुसत होते म्हणतात. राणीसाठी. मावशीनं ते पाहिलं नाही. ती विंगेच्या अंधारात राणीच्या पाठीशी उभी होती, हातात अकरावा हूक. सत्तावीस वर्षांची ती पोरगी, तो मॅनेजर, त्या शिव्या, आणि बाहेर कुणीतरी बोलत राहिलेलं. तिला तेव्हा वाटलं होतं, नशीब आपलं, नाटकात इथं लांबलचक बोलणं आहे! तिच्या गालांवरून पाणी ओघळून टाचण्यांवर येत होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं.

"मावशी!" राणी कुजबुजली. "अहो मावशी, हूक! सोळा बाकी आहेत!"

मावशी भानावर आली आणि भिडली. पण 'सावकाश' होऊन गेलं होतं. बाहेर टाळी पडली, टाळी संपली. राणीची वाट बघून प्रेक्षक शांत झाले. पहिल्या रांगेत बसलेला दिग्दर्शक खुर्चीच्या कडेला आला.

द्वारपालानं मान वळवून एकदा आत बघितलं. मग तो पुन्हा प्रेक्षकांकडे वळला आणि भाल्यावर जरा रेलून उभा राहिला.

"अजून थोडं थांबावं लागेल, मंडळी," तो म्हणाला. कुठल्याच वहीत नसलेली ओळ. "आतली बाई आता पहिल्यासारखी तरुण राहिलेली नाही. माझाही बूट जुना झालाय. पण मला विचाराल, तर एकोणतीस वर्षं वाट बघितली, ती मला एकदाही लांब वाटली नाही."

"तरुण नाही म्हणे!" विंगेतून टाचण्यांमधून आवाज आला, चांगला तिसऱ्या रांगेपर्यंत.

प्रेक्षागृह खदखदून हसलं. त्या हशात मावशीनं शेवटचा हूक सोडला, झगा चढवला, केस मोकळे केले आणि राणीला दोन्ही जोडे घालून दाराकडे ढकललं.